दुखऱ्या पायाने हाफ मॅरेथॉन: या चुका टाळा

थंडी पडली की नागपुरात स्पर्धांचा हंगाम येतो आणि नेमकी त्याआधी कुणाची नडगी, कुणाचा गुडघा बोलायला लागतो. पैसे भरलेले असतात, त्यामुळे निर्णय घाईत होतात. काही दुखणी सांभाळत 21.1 किलोमीटर पार करता येतात. काही घेऊन स्टार्ट लाइनवर उभंही राहू नये.

हाडाचं दुखणं स्नायूचं समजणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत न्या. तीन-चार बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं. अंतर कमी केलं की ते आटोक्यात येतं. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ निघते, रात्री ठणकतं, त्या पायावर उडी मारवत नाही, असं असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक भेगेची) शंका धरा, त्याच दिवशी धावणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही बारीक भेग एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. इथे स्पर्धा सोडायचीच.

इतर दुखण्यांना 0 ते 10 असे गुण द्या. धावताना 3 पर्यंत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आधीसारखाच असेल तर चालेल. लंगडायला लागलात तर आकडा कितीही असो, थांबा.

सकाळी पेनकिलर घेऊन धावणं

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गोळी दुखापत बरी करत नाही, इशारा तेवढा दाबते. शिवाय लांब धावताना घामाने पाणी कमी होतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. त्यात या गोळ्या तो आणखी कमी करतात. गोळीशिवाय धावता येत नसेल तर पाय तयार नाही, इतकं ते सरळ आहे.

बुडालेला लाँग रन (आठवड्याची लांब धाव) भरून काढणं

शेवटच्या दोन आठवड्यांत 18 किलोमीटर मारून फिटनेस वाढत नाही, दुखणं वाढतं. उलट पूर्ण झोपून राहणंही नको. तासाभराच्या हलक्या धावण्याऐवजी तेवढ्याच दमाची 60 ते 75 मिनिटं सायकल चालवा. पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणं, 3 वेळा 12. वर जाताना 3 सेकंद, उतरताना 3 सेकंद. त्यानेही दुखलं तर दोन्ही पायांवर करा.

गुडघा दुखत असेल तर सेमिनरी हिल्सचे उतार तूर्त सोडा. उतारावर गुडघ्याच्या वाटीवर ताण जास्त येतो. रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. शक्य तिथे सपाट मैदान गाठा. पावलं थोडी आखूड, मिनिटाला 5 ते 10 टक्के जास्त टाकली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो.

दुखेपर्यंत धावून मग चालणं

चालणं पहिल्या किलोमीटरपासून हवं. 4 मिनिटं धाव, 1 मिनिट चाल. धावण्याचा वेग किलोमीटरला 7 मिनिटं आणि चालण्याचा 11 धरला तर शर्यत साधारण 2 तास 40 मिनिटांत होते. आधी कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची वेळमर्यादा, बघून घ्या. बहुतेक ठिकाणी 3 तासांच्या पुढे असतो. दोन आठवडे आधी याच पद्धतीने 14 किलोमीटर जमले नाहीत तर आयोजकांना विचारून 10 किलोमीटरमध्ये नाव बदला.

नवे शूज, नवी नी-कॅप त्या दिवशी नकोच. पहाटेच्या गारठ्यात स्टार्टआधी 10 मिनिटं भरभर चाला. कुठे थांबायचं तेही घरूनच ठरवून निघा: चाल बदलली किंवा दुखणं 5 वर गेलं की पुढच्या पाणी-स्टॉलवर बाहेर. खिशात रिक्षापुरते पैसे ठेवा.

संपल्यावर दुखऱ्या जागी जोरात मालिश करू नका. पुढचे दोन-तीन दिवस फक्त चाला, आणि जिना चढता-उतरताना दुखेनासं झाल्यावरच 3 किलोमीटरपासून सुरू करा.