पंचतारांकित तंदूरच्या पंगतीला बसताना

पंचतारांकित हॉटेलातील उत्तर भारतीय जेवण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरच्या पंजाबी हॉटेलाचाच मेन्यू येतो. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, तंदुरी रोटी आणि जिरा राइस हेच सगळे, फक्त पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर आणि पाचपट दराने, असा समज करून माणूस आत शिरतो आणि तिथेच फसतो. दिल्लीच्या आयटीसी मौर्य या हॉटेलातील 'बुखारा' हे उपाहारगृह किंवा मुंबईत सहारला आयटीसी मराठामध्ये असलेले त्याचेच भावंड 'पेशावरी' यांचा मेन्यू पाहिला, तर त्यात रस्सेदार भाज्यांची ती लांबलचक यादीच नसते. तंदुरात भाजलेले मांस, मासे, पनीर, काही भाज्या, रोट्यांचे काही प्रकार, दोन-तीन गोड पदार्थ आणि या साऱ्यांच्या मध्यभागी एक काळी डाळ, एवढाच पसारा असतो. सत्तरच्या दशकाअखेर बुखारा सुरू झाले तेव्हापासून हा मेन्यू फारसा बदललेला नाही, आणि न बदलणे हाच तिथला मोठेपणा मानला जातो. त्यामुळे अशा ठिकाणी जाण्यापूर्वी काय मागवायचे यापेक्षा किती मागवायचे आणि कोणत्या क्रमाने मागवायचे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

त्याआधी एक फरक लक्षात घ्यावा. बड्या हॉटेलांत 'उत्तर भारतीय' या एका पाटीखाली दोन अगदी वेगळी घराणी नांदतात. पहिले सरहद्दीचे. वायव्य सरहद्दीकडची ही तंदूरची रीत फाळणीनंतर तिकडून आलेल्या लोकांबरोबर दिल्लीत रुजली आणि दर्यागंजच्या मोती महलने ती घरोघरी पोचवली. दुसरे अवधचे, म्हणजे लखनौच्या बावर्चींचे. त्यात हंडीचे तोंड कणकेने बंद करून पदार्थ स्वतःच्याच वाफेवर मुरू देतात. आयटीसीच्या 'दम पुख्त' या उपाहारगृहामागे ज्यांचे हात होते ते इम्तियाज कुरेशी याच परंपरेतले, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरहद्दीच्या जेवणात धूर, खरपूसपणा आणि मोजके मसाले असतात, तर अवधी जेवणात केशर, केवडा, काकोरी कबाबाचा लोण्यासारखा पोत आणि बिर्याणीचा सुगंध असतो. रस्सा आणि भात यांच्याशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही, अशी मंडळी बरोबर असतील तर सरळ दुसऱ्या घराण्याकडे जावे. तंदूरच्या दारात येऊन 'ग्रेव्हीमध्ये काय आहे' असे विचारण्यात दोन्ही बाजूंची पंचाईत होते. या लेखात मी पहिल्या घराण्याबद्दलच लिहिणार आहे. (मराठ्यांची फौज १७५८ साली अटकेपार जाऊन पेशावरला पोचली होती, तेव्हा 'मराठा' नावाच्या हॉटेलात 'पेशावरी' असावे हा योगायोग मला दर वेळी गुदगुल्या करतो.)

जाण्याच्या आधी फोन अवश्य करावा. रात्रीच्या ऐन गर्दीच्या वेळेसाठी टेबल राखून न ठेवण्याची बुखाराची जुनी रीत आहे, आणि इतर ठिकाणी शनिवार-रविवारी राखीव टेबलाशिवाय तासभर ताटकळावे लागते. शक्य असेल तर संध्याकाळी दार उघडताच, सात-साडेसातलाच पोचावे. तेव्हा भट्टी नुकतीच तापलेली असते, वाढणाऱ्यांना बोलायला सवड असते आणि लहान मुले जागी असतात. मुंबईत विमानतळाच्या वाटेवरची वाहतूक लक्षात घेता दुपारचे जेवणही वाईट नाही. कपड्यांची फार चिंता करू नये. स्वच्छ शर्ट-पँट आणि बूट, साडी किंवा सलवार-कुर्ता यांत कोणीही वावगे दिसत नाही, मात्र पुरुषांनी चड्डी आणि रबरी चप्पल टाळावी. दारावर गाडीची डिकी उघडून पाहतात आणि पिशव्या यंत्रातून जातात, त्यासाठी दहा मिनिटे हाताशी ठेवावीत. रिक्षाने गेलात तरी संकोचाचे काही कारण नाही. रिक्षा फाटकाशी सोडावी आणि चालत आत जावे.

आत शिरल्यावर थाटमाटाऐवजी दगडी भिंती, लाकडी टेबले आणि पाठ नसलेली बुटकी स्टुले पाहून काही जण हिरमुसतात. ही सजावट मुद्दामच सरहद्दीवरच्या सराईसारखी केलेली आहे. गुडघ्यांचा किंवा कमरेचा त्रास असलेली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर भिंतीलगतची, पाठ टेकता येईल अशी जागा आधीच मागून घ्यावी. कारण एकदा सगळे बसले आणि खाणे आले की मग कोणी उठत नाही, आणि तास-दीड तास त्या स्टुलावर काढणे सोपे नसते. बसल्यावर गळ्यात चौकड्यांचा एप्रन बांधतात. तो लहान मुलांचा नाही, तुमचाच आहे, आणि तो नाकारू नये. काट्या-चमच्यांची मांडणी दिसणार नाही, कारण इथे हाताने खाण्याची पद्धत आहे. मागितले तर काटा-चमचा मिळतो, पण आयुष्यभर वरणभात हाताने कालवून खाल्लेल्या माणसाने ज्या एका पंचतारांकित जागी हाताने खाणे हीच रीत आहे, तिथे काटा मागावा हे मला तरी पटत नाही.

आता मागवण्याचा मुद्दा, आणि चुका होतात त्या इथेच. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही चौघे एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. मेन्यू हाती येताच प्रत्येकाने आपापल्या आवडीचा एकेक कबाब सांगितला, त्यावर रान, म्हणजे भाजलेली कोकराची मांडी, त्यावर दोन डाळी, आणि पोट भरणार नाही या भीतीने बिर्याणीही. कबाबांचे पहिले दोन ताट संपता संपता सगळे गारद झाले. रान आली तेव्हा तिच्याकडे नुसते पाहण्याची ताकद उरली होती, आणि ज्यासाठी गेलो होतो ती डाळ शेवटी चमचा-चमचा चाखून ठेवली. तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. दोघांसाठी एक कबाब, एक डाळ आणि दोन रोट्या. चौघांसाठी दोन कबाब, किंवा एक कबाब आणि एक रान, त्यावर एक डाळ आणि एकच मोठी नान. कमी पडले तर पुन्हा मागवता येते आणि तंदुरातून आलेला पदार्थ वीसेक मिनिटांत पानावर येतो. एका ताटात किती तुकडे येतात हे कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, विचारण्यात काहीही कमीपणा नाही. चांगला कॅप्टन स्वतःच सांगतो की 'इतके पुरे, आधी हे संपवा', आणि जो आणखी गळ्यात मारू पाहतो त्याला हसून थांबवावे.

कबाबांपैकी निवडायचे झाले तर प्रथम जाणाऱ्याने मुर्ग मलाई कबाब घ्यावा. त्यात साय, चीज, हिरवी मिरची आणि कोथिंबीर एवढाच ऐवज असतो, आणि म्हणूनच भट्टीवाल्याचे कसब त्यात झाकता येत नाही. तंदुराच्या आतली उष्णता सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. त्यात अर्धा मिनिट जास्त झाला की कोंबडीचा चोथा होतो, आणि कमी झाला की साय कच्ची लागते. नीट जमलेला तुकडा बोटांनी तोडला की आतून ओलसर वाफ येते आणि वरच्या कडा फक्त टोकांवर तपकिरी झालेल्या असतात. सिकंदरी रान ही कोकराची सबंध मांडी. ती सिरका, दालचिनी आणि शाहजिऱ्याबरोबर आधी मंद शिजवून मग तंदुरात धरतात. ती तीन-चार जणांना पुरते, म्हणून दोघांनी तिच्या वाटेला जाऊ नये. ती मागवायची असेल तर टेबलावर बसताक्षणी सांगावी आणि इतर मांस कमी करावे. पानात आल्यावर सुरीची गरज पडत नाही. हाडाच्या टोकाला धरून दोन बोटांनी ओढले की मांसाचे पदर सुटून येतात, आणि हाडालगतचा जो काळसर, चिकट भाग शेवटी राहतो तो सर्वांत चवदार असतो. तो वाढणाऱ्याने परत नेण्याआधी ताब्यात घ्यावा.

डाळीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. दाल बुखारा म्हणजे अख्खे काळे उडीद, टोमॅटो, आले-लसूण, लोणी आणि साय, जे रात्रभर मंद आचेवर, सुमारे अठरा तास शिजत राहतात. नेहमीच्या दाल मखनीत असतो तसा राजमा यात नसतो आणि वरून दिलेली झणझणीत फोडणीही नसते. आमच्या सासूबाई सातारच्या. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या उडदाच्या घुट्याचं श्रीमंत भावंड." ही ओळख अगदी नेमकी आहे, कारण उडदाचा तो बुळबुळीत, घट्ट मिळून येणारा स्वभाव इथेही तोच असतो, फक्त लसूण-मिरचीच्या ठसक्याच्या जागी लोणी असते. डाळ मिळून आली आहे की नाही हे ओळखण्याची खूण अशी की वाटी किंचित तिरकी केली असता ती एकसंध सरकते. पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे झाले, तर घाईने शिजवलेली आहे असे समजावे. ही डाळ कबाबांनंतर नव्हे, त्यांच्याबरोबरच मागवावी, कारण रोटी लावून खाण्यासाठी इथे दुसरे काही नसते आणि शेवटी ती भरल्या पोटी जड पडते.

रोट्यांत चारजण असाल तर नान बुखारा अवश्य घ्यावी. ती टेबलाचा निम्मा भाग व्यापणारी, सगळ्यांनी मिळून तोडायची नान आहे आणि मुलांना तिचेच अप्रूप जास्त वाटते. दोघांसाठी मात्र खस्ता रोटी पुरेशी होते, आणि मैदा नको असणाऱ्यांनी 'गव्हाच्या पिठाची कोणती' असे विचारून घ्यावे. डाळ तितकीच जड असल्यामुळे भरवां कुलचा तिच्याबरोबर घेऊ नये, असे माझे मत आहे.

शाकाहारी माणसाला अशा ठिकाणी नेऊ नये, असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. तंदुरी आलू, म्हणजे पोखरून त्यात बटाटा, काजू आणि बेदाण्यांचे सारण भरून भाजलेला बटाटा, फुलकोबीचा तंदुरी प्रकार, पनीर टिक्का, आणि त्यावर डाळ, एवढ्यात दोघांचे उत्तम जेवण होते. मात्र पर्याय मोजके असतात आणि दर मांसाहाराच्या मानाने बोचतात. जे सोवळे पाळतात त्यांनी सळया आणि भट्टी वेगळी आहे का, हे मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर आदल्या दिवशीच फोनवर बोलून घ्यावे, कारण पदार्थ मुरवण्याचा मसाला आधीपासून तयार असतो आणि तो ऐनवेळी बदलता येत नाही.

पाण्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण बिलात दिसते. पंचाहत्तरीच्या त्या जेवणात वाढणारा काही न विचारता बाटल्या उघडत गेला, आणि शेवटी नुसत्या पाण्याचा आकडा पाहून सासरे म्हणाले की एवढ्यात आपल्याकडे टँकर आला असता. बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीहून जास्त दर लावण्याची हॉटेलांना मुभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे नंतर वाद घालून उपयोग नसतो. बसताक्षणी 'साधे फिल्टरचे पाणी द्या' एवढे ठामपणे सांगावे.

बिल आल्यावर ते वाचावे, आणि सर्वांसमक्ष वाचावे. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर असते, तिथल्या उपाहारगृहात जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो ५ टक्के असतो. म्हणजे मेन्यूवर ८,००० रुपयांचे मागवले तर १,४४० रुपये कर धरून ९,४४० द्यावे लागतात, हे मागवतानाच मनाशी धरावे. सेवाशुल्क ही मात्र वेगळी बाब आहे. ग्राहकाला न विचारता ते बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. वरच्याच उदाहरणात १० टक्के सेवाशुल्क लावले आणि त्यावरही कर आकारला, तर बिल १०,३८४ होते, म्हणजे सरळ ९४४ रुपये जास्त. ते दिसले तर शांतपणे 'हे काढून द्या' म्हणावे. सहसा दुसरे बिल दोन मिनिटांत येते. न आल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मग ज्याने खरोखर आपुलकीने वाढले, त्याच्या हातात आपल्या मर्जीने रोख बक्षिसी ठेवावी.

गोडात फिरनी किंवा कुल्फी यांपैकी एकच घ्यावी आणि ती वाटून खावी. उरलेली डाळ बांधून मागायला लाजू नये, सगळेच मागतात. दुसऱ्या दिवशी ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, कारण लोणी सुटून वर तरंगते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे दूध घालून अगदी मंद आचेवर ढवळत राहावे. आमच्या घरी ती बाजरीच्या भाकरीबरोबर संपते आणि सासूबाई तिच्यावर लसणाची फोडणी देतात.