सुतारकामाची हत्यारं परदेशात आणताना: आधी यादी, मग पेटी

परदेशात कायमचं राहायला येताना सुतारकामाची हत्यारं बरोबर आणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्यूटी किती लागेल? इथे मुरलेला माणूस म्हणून माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी यादी दाखवा. यादीत 'सुतारकामाचं सामान, एक पेटी' एवढंच असेल, तर पुढचं सगळं कस्टम्स अधिकाऱ्याच्या अंदाजावर चालतं, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने लागेलच असं नाही.

मालाचं वर्गीकरण जवळपास सगळ्या देशांत एकाच पायावर होतं. जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस पद्धत, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मालाला अंकांचा एक कोड देणारी यादी, १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. कोडचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे अंक आणि दर ज्या त्या देशाचे. दर बदलत राहतात, ते त्या देशाच्या अधिकृत दरपत्रकातच बघा. पण सहा अंकांपर्यंतचं काम घरबसल्या होतं, आणि ते निघण्यापूर्वीच उरकून घ्या.

हाताने चालवायची धातूची हत्यारं या यादीच्या प्रकरण ८२ मध्ये येतात. रंधा, पटाशी, गोल पटाशी ८२०५.३०. हातोडी ८२०५.२०, स्क्रू ड्रायव्हर ८२०५.४०, शिकंजे आणि क्लॅम्प ८२०५.७०. हातकरवत मात्र ८२०२.१० आणि कानस ८२०३.१०. कुऱ्हाड सुताराच्या पेटीत असली तरी ती शेती-जंगलाच्या अवजारांबरोबर ८२०१.४० मध्ये जाते.

घोळ होतो तो कडेच्या वस्तूंत. तिथे काम करणारा भाग कशाचा आहे ते बघायचं. रंध्याचं अंग सागवानी असलं तरी पातं पोलादी आहे, म्हणून तो ८२०५ मध्येच. त्याच रंध्याचं नुसतं लाकडी अंग पाठवलंत, किंवा अख्खा लाकडी हातोडा पाठवलात, तर तो लाकडी वस्तूंच्या प्रकरणात, ४४१७ मध्ये जातो. नुसतं पातं पाठवलं तर पुन्हा ८२०५.३०, कारण सुटा भाग मूळ हत्याराबरोबर धरतात. पातं रंधायच्या मशीनचं असेल तर ८२०८.२०. धार लावायचा दगड ६८०४.३०, मोजपट्टी ९०१७, ड्रिलचे बिट ८२०७, आणि हातात धरायचं मोटारीचं मशीन ८४६७.

संचाचं वेगळं. विक्रीसाठी एकत्र बांधलेल्या डब्यात करवत, कानस आणि पटाशी असेल तर ८२०६. अमेरिकेच्या दरपत्रकात या कोडला संचातल्या सगळ्यात महाग दराच्या वस्तूचा दर लागतो. नुसत्या सहा पटाश्यांचा डबा मात्र ८२०५.३० मध्येच राहतो. तुम्ही हळूहळू जमवून पेटीत भरलेली हत्यारं हा संच नव्हे. ती एकेक करूनच लिहा.

यादीतली एक ओळ अशी हवी: 'पटाशी, २५ मिमी, पोलादी पातं, लाकडी मूठ, वापरलेली, बनावट जर्मनी, नग १', आणि पुढे आजची किंमत. बनावट म्हणजे ती जिथे तयार झाली तो देश, जिथून पाठवली तो नव्हे. सवलतीचा करार लागू होतो की नाही, जादा शुल्क बसतं की नाही, हे त्यावरच ठरतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. घर हलवणाऱ्याला स्वतःच्या व्यवसायाची वापरलेली हत्यारं ड्यूटीशिवाय आणू देणारे नियम बऱ्याच देशांत आहेत. युरोपीय संघाच्या ११८६/२००९ या नियमात अशी हाताळता येणारी साधनं वैयक्तिक मालमत्तेत धरली आहेत. ती सर्वसाधारणपणे आधी किमान सहा महिने तुमच्या वापरात असावी लागतात, आणि आणल्यावर बारा महिने न कळवता विकता किंवा उसनी देता येत नाहीत. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवी कोरी हत्यारं खरेदी करून पेटीत टाकू नका. ती या सवलतीत बसत नाहीत, आणि त्यांच्यामुळे उरलेल्या पेटीकडेही संशयाने पाहिलं जातं. सवलत मागायची मुदत असते. सामान सोडवतानाच मागा.

नंतर कधी पार्सल मागवाल तेव्हा बहुतेक देश ड्यूटी काढताना वाहतूक आणि विमाही किमतीत धरतात हे लक्षात ठेवा. अमेरिका ते धरत नाही. पण तिथली ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी स्थगित झाली आहे.

लाकडाचे दोन नियम वेगळेच. कच्च्या लाकडाचं खोकं वापरलंत तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडी खोक्यांतून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेलं हवं. प्लायवूडला हा नियम नाही, म्हणून खोकं प्लायवूडचंच करा. दुसरं, मुठी शिसवीच्या असतील तर ते झाड २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. तयार वस्तूंमधलं शिसवी एका खेपेत १० किलोपर्यंत असेल तर आंतरराष्ट्रीय नियमात सूट आहे, पण काही देशांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. 'शिसवी मूठ' असं यादीत स्पष्ट लिहा आणि वजनही द्या.

एखाद्या वस्तूचा कोड ठरतच नसेल तर तिथल्या कस्टम्सकडे आगाऊ निर्णय मागा. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१७ पासून लागू झालेल्या करारात ही सोय आहे. अर्जाबरोबर वस्तूचा फोटो आणि कशापासून बनली आहे ते द्या, आणि आलेल्या लेखी उत्तराची एक प्रत पेटीच्या कागदांत ठेवा.