गरीब घरातल्या मुलाला इंजिनिअरिंगची चार वर्षं कशी पार करून द्यावीत

हा लेख मदत करू पाहणाऱ्यांसाठी आहे: शाळेचे शिक्षक, माजी विद्यार्थ्यांचा गट, गावचं मंडळ, परगावी नोकरीला असलेली मंडळी. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या फीसाठी सरकारी योजना पुष्कळ आहेत. मुलं अडकतात ती कागद वेळेवर नसल्यामुळे आणि शिष्यवृत्ती जमा होईपर्यंतचे महिने काढायला हातात रोकड नसल्यामुळे. त्यामुळे पैसे थोडे आणि पाठपुरावा भरपूर, असं गणित ठेवा. एकदाच मोठा चेक देऊन फोटो काढण्यात फारसं काही साधत नाही.

अकरावीतच कागदांना लागा

आरक्षित प्रवर्गातल्या मुलाला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदींपर्यंत मागे जावं लागतं. आजोबा शाळेची पायरीच चढले नसतील तर जुन्या महसुली नोंदी शोधण्यात महिने जातात. म्हणून विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्याबरोबर ज्युनिअर कॉलेजमार्फत अर्ज भरून टाका. ओबीसी मुलांसाठी नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वर्षात संपत नाही ना, हेही पाहा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा नवा एप्रिलमध्येच काढा. निकालानंतर सेतू केंद्रावर सगळा तालुका लोटतो. शेतकरी कुटुंबाला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल लागतो (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तरी लोक तलाठीच म्हणतात).

नावं जुळवून घ्या. दहावीच्या मार्कशीटवर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’ आणि बँकेत ‘दत्ता’ असेल तर पुढे कुठे ना कुठे अर्ज लटकणारच. मार्कशीट प्रमाण धरून आधार आणि बँकेतलं नाव दुरुस्त करा. उलट्या बाजूने जाऊ नका, बोर्डाकडची दुरुस्ती फार रेंगाळते.

कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरताना

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. तिच्यात निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना दोन्ही शुल्कं पूर्ण माफ आहेत. पण प्रवेश कॅपच्या फेरीतूनच झालेला हवा. इथे दरवर्षी घरं फसतात. चांगल्या कॉलेजच्या मोहापायी संस्था स्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली, तीही चारही वर्षांची. ‘नंतर बघू’ असं सांगणारा एजंट नंतर फोन उचलत नाही.

टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागाही पसंतीक्रमात टाका. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात, त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्यांवर शिक्षण शुल्क माफ होतं. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह हे भरावंच लागतं. या जागेवर नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, तेव्हा मुलाला नको असलेली शाखा फुकट मिळते म्हणून वर टाकू नका.

मुलगी असेल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) ‘प्रगती’, दिव्यांग विद्यार्थ्यांना ‘सक्षम’ आणि अनाथ मुलांना ‘स्वनाथ’, या तिन्हींत वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. बीएस्सीकडे वळणाऱ्या आणि बोर्डात अगदी वरच्या एक टक्क्यात असलेल्या मुलांनी ‘इन्स्पायर’ची ८० हजारांची शिष्यवृत्ती पाहावी. इंजिनिअरिंगला ती लागू नाही.

फिरता निधी

शिक्षण शुल्क माफ झालं तरी मुलगा उपाशी राहू शकतो. खोली, मेस, बसचा पास, ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन, झेरॉक्स, प्रिंटआउट हे सगळं पहिल्या दीड-दोन महिन्यांत अंगावर येतं. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात आणि इंजिनिअरिंगच्या साहित्यासाठी वेगळे ५ हजार. आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’ आहे, इतर अनेकांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पण यांतला पहिला रुपया यायला कधी दिवाळी उलटते, कधी संक्रांत.

दहा जणांनी महिना हजार रुपये काढले तर दहा महिन्यांत एक लाख होतात. त्यातून चार मुलांना प्रत्येकी २५ हजार बिनव्याजी उचल देता येते. मेसचे महिना तीन हजार धरले तर सहा महिन्यांचं जेवण सुटतं आणि सात हजार खोलीच्या डिपॉझिटला उरतात. पैसे मेसवाल्याला आणि खोलीमालकाला परस्पर द्या. किरकोळ खर्चाला महिना पाचशे-हजार मात्र मुलाच्या हातात असू द्या. प्रत्येक वहीसाठी हात पसरावा लागला की मुलं मागणंच बंद करतात. शिष्यवृत्ती आली की उचल परत, नाही आली तर सोडून द्यायची, हे आधीच साध्या कागदावर लिहून ठेवा.

लॅपटॉपची घाई नको. कॉम्प्युटर शाखा सोडली तर पहिलं वर्ष कॉलेजच्या लॅबवर निघतं. पुढे ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला ऑफिस लॅपटॉप बहुतेक कामांना पुरतो.

एवढं करूनही फरक उरला तरच कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि अभ्यासक्रम व कॉलेज नियमात बसत असेल, तर शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं.

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा) अर्ज

अर्ज मुलाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवरून भरा. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकतो. मग ‘अर्ज त्रुटीसाठी परत’ हा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि मुलगा मार्चपर्यंत वाट पाहत बसतो. युजरनेम आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवा.

बँकेत आधार ‘लिंक’ असणं आणि ते डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ‘सीड’ असणं यांत फरक आहे. पैसे शेवटचं ज्या खात्याला आधार सीड झालं तिथेच जातात, मग ते मागे कुणीतरी उघडून दिलेलं विसरलेलं खातं का असेना. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे दिसणारं खातं बंद पडलेलं असेल तर आधी हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून असतो. दर पंधरा दिवसांनी मुलाला शिष्यवृत्ती विभागात पाठवा आणि अर्ज पुढे गेल्याचा स्क्रीनशॉट मागा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप काही होत नाही.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि फीची रक्कम त्याने कॉलेजला भरायची असते. घरात एकदम एवढी रक्कम आली की खत, दवाखाना, सावकार हे सगळे आधी आठवतात. आईवडिलांना हे जुलैतच समजावून सांगा. रक्कम हातात पडल्यावर सांगणं अवघड जातं.

पहिलं सेमिस्टर

गळती इथून सुरू होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एम-वन (इंजिनिअरिंगच्या गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्समधली गणितं जमतात, पण प्रश्न काय विचारलाय ते कळायला वेळ लागतो. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठी पुस्तकं मोफत आहेत. ती इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवून वाचायला सांगा, नुसती मराठी वाचून पेपर लिहिता येत नाही. त्याच कॉलेजातला दुसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा आठवड्यातून दोन तास बसवा आणि त्याला मानधन द्या, फुकटची शिकवणी महिनाभरात बंद पडते. पहिल्या अंतर्गत परीक्षेचे मार्क स्वतः बघा. दोन विषय राहिले तर लगेच हलायला हवं. एकदा वायडी (इयर डाउन) लागला की वर्ष जातं, त्या वर्षाची शिष्यवृत्ती अडते आणि घरून ‘आता कामाला लाग’ सुरू होतं.

शेवटच्या वर्षी

प्लेसमेंटसाठी एक बरा शर्ट-पँट, बूट, प्रवासभाडं आणि गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर तिची फी बाजूला ठेवा. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता अनेकदा पास होऊन गेल्यावर येतो. तोवर मुलाने सिम बदललेलं असतं, पगाराचं नवं खातं उघडून आधार तिकडे सीड केलेलं असतं आणि बाकी फीपोटी कॉलेजने टीसी अडकवून ठेवलेला असतो. हप्ता जमा होऊन कॉलेजकडून ‘नो ड्यूज’ हातात पडेपर्यंत जुना नंबर आणि जुनं खातं दोन्ही चालू ठेवायला सांगा.