वेबकॅमने गुरू टिपताय? आधी या चुका टाळा

भिंग काढलेला वेबकॅम दुर्बिणीत आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बसवला, आणि पहिल्या रात्री माझ्या लॅपटॉपवर गुरू उमटला तो भिजलेल्या साबुदाण्यासारखा. पांढरा, गोल, पट्ट्यांचा पत्ता नाही. शेजारचे चार चंद्र मात्र ठळक दिसत होते. मी वेबकॅमला शिव्या घातल्या. दोष त्याचा नव्हता, ऑटो एक्सपोजरचा होता, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा हे आपोआप ठरवणाऱ्या सोयीचा.

वेबकॅम पूर्ण चौकटीचा उजेड मोजतो. चौकट जवळजवळ सगळी काळी, त्यामुळे तो एक्सपोजर वाढवत नेतो आणि ग्रहाचं भगभगीत पांढरं वाटोळं करून टाकतो. रेकॉर्डिंगआधी एक्सपोजर, गेन (सिग्नल वाढवणं) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), तिन्हींचं ‘ऑटो’ बंद करा. एक्सपोजर इतकं उतरवा की पडद्यावर गुरू किंचित मंद वाटेल आणि दोन पट्टे दिसू लागतील. तेव्हा चंद्र जवळपास नाहीसे होतात. होऊ द्या, त्यांचा व्हिडिओ वेगळा घ्या.

ग्रह सापडतच नाही

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. माझी दुर्बीण १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिलिमीटर. त्यावर ३ मायक्रॉन पिक्सेलचा १२८० × ७२० वेबकॅम लावला की आकाशाचा फक्त ११ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दिसतो, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्या फटीतून ग्रह चाचपडत शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई. म्हणून उजेड असतानाच दूरच्या टॉवरवर फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्या. रात्री आधी कमी मोठं दाखवणाऱ्या आयपीसने, मग जास्त मोठं दाखवणाऱ्याने ग्रह मधोमध आणा, आणि नळीला धक्का न लावता वेबकॅम बसवा. तरीही पडदा काळाच? बहुतेक वेळा ग्रह चौकटीत असतो, पण फोकसपासून इतका दूर की त्याचा उजेड पसरून विरून गेलेला असतो. चंद्रावर एकदा फोकस लावा आणि फोकसरच्या (फोकससाठी आतबाहेर सरकणाऱ्या भागाच्या) नळीवर पेन्सिलने खूण करा. पुढच्या वेळी तिथून सुरुवात.

न्यूटनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत कधी कधी फोकसर पूर्ण आत ढकलला तरी प्रतिमा जुळत नाही. आरसा सरकवण्याच्या भानगडीत पडण्याआधी बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावून पाहा, बऱ्याचदा काम होतं.

डॉब्सोनियनवाल्यांनी, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची दुर्बीण असणाऱ्यांनी, ग्रहाच्या मागे धावू नये. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह या चौकटीतून पाऊण मिनिटात पार होतो, दुप्पट बार्लोने वीस-बावीस सेकंदांत. त्याला एका कडेला ठेवा, हात काढा, सरकू द्या. असे चार-पाच तुकडे घेतले तरी पुरतात. ‘पीप’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला ग्रह मधे आणून देतं. फक्त हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटपा. गुरू सुमारे दहा तासांत स्वतःभोवती फिरतो, जास्त रेंगाळलात तर पट्ट्यांवरचे बारकावे फरफटतात.

तापलेली गच्ची

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. त्यावर दुर्बीण ठेवली की ग्रह पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखा हलतो. ग्रहाकडे बघताना नजर शेजारच्या इमारतीच्या माथ्यावरून जात असली तरी तेच. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा, म्हणजे आरसा थंड होईल. ग्रह क्षितिजापासून किमान ३० अंश वर येऊ द्या. माझा अनुभव असा की मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास संध्याकाळच्या तीन तासांना भारी पडतो. घरचे काय म्हणतात ते वेगळं.

बार्लोचा हव्यास

दुकानात पाचपट बार्लो मिळतो म्हणून घेऊ नका. ढोबळ हिशोब: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या आणि त्याला पाचाने गुणा, साधारण तेवढा एफ आकडा (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) हवा. ३ मायक्रॉनला एफ/१५. माझी दुर्बीण एफ/८, म्हणजे दुप्पट बार्लो बस्स. त्यापुढे ग्रह मोठा होतो, पण तपशील वाढत नाही. उजेड मात्र घटतो.

छोट्या गोष्टी

वेबकॅमचं भिंग काढताना बऱ्याच मॉडेलमध्ये अवरक्त किरण अडवणारी काचही सोबत निघते. मग रंग जांभळट येतात आणि कडा मऊ पडतात. अडॅप्टरच्या तोंडावर अवरक्त किरण अडवणारा आयआर-कट फिल्टर लावा. वेबकॅमवरच्या दिव्यावर काळी टेप चिकटवा.

व्हिडिओतल्या फ्रेम एकावर एक रचून एकच चित्र करणाऱ्या ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम जोडू नका, चांगल्या वीसएक टक्के पुरे. मग रेजिस्टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये चित्र धारदार करणारे वेव्हलेट सरकवताना हात आखडता ठेवा. ग्रहाच्या कडेला आतून पांढरी कड उमटली, की मागे फिरा.

सराव चंद्रावर करा, पण पौर्णिमेला नको. तेव्हा सावल्या नसतात आणि सगळं पिठासारखं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक उभी असतात. त्यांच्या काठांच्या सावल्या सुरीसारख्या धारदार दिसेपर्यंत फोकस फिरवत राहा.