पेमेंटच्या नावाने आलेला मेल: या चुका टाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची हुंगून, चार ठिकाणी भाव विचारून घेणारी माणसं 'खातं २४ तासांत बंद होईल' एवढं वाचून लिंक दाबतात. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर असले लॅपटॉप सारखे येतात.

नेहमीची चूक म्हणजे पाठवणाऱ्याचं नुसतं नाव वाचणं. तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि उलटीकडून वाचा. पेपॅल या पेमेंट सेवेच्या नावाने आलेल्या मेलचा पत्ता 'पेपॅल डॉट कॉम डॉट काहीतरी डॉट नेट' असेल, तर मालक 'काहीतरी डॉट नेट'वाला.

हेच मी मोरजीच्या एका काकांना शिकवलं होतं. खोल्या भाड्याने देतात, पाहुणे परदेशी. डिसेंबरात त्यांना एका पेमेंट सेवेच्या नावाने सहाशे डॉलरच्या लॅपटॉपचं बिल मेलवर आलं. खाली लिहिलेलं, 'हे तुमचं नसेल तर या नंबरवर फोन करा.' काकांनी पत्ता तपासला. अस्सल! भामट्याने त्याच पेमेंट सेवेत खातं काढून तिथूनच बिल धाडलं होतं, आणि विक्रेत्याच्या टिपेत आपला नंबर टाकला होता. काकांनी फोन लावला. समोरच्याने स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, 'रिफंडसाठी' ओटीपी घेतला आणि चाळीस हजार गेले. "तूच सांगितलंस ना रे, पत्ता बघ म्हणून?" यावर मी काय बोलणार?

तेव्हापासून माझा शिरस्ता एकच: मेलमधली लिंकही नको, नंबरही नको. ॲप स्वतः उघडायचं. बिल तिथे दिसलंच तर तिथूनच तक्रार करायची; न मागवलेलं बिल नुसतं पडून राहिलं म्हणून पैसे कापले जात नाहीत. दोन मिनिटं जास्त लागतात. तेवढाही धीर नसणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही.

कुलपाच्या चिन्हावर भाळू नका, ते चोरांच्या साइटलाही मिळतं. व्याकरणाच्या चुका शोधत बसू नका, हल्ली भामटेही शुद्ध लिहितात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. बँकेचं नाव असेल तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती.

आणि पैसे गेलेच, तर 'मुलगा गल्फमधून फोन करेल तेव्हा विचारू' म्हणत थांबू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. काकांनी सकाळपर्यंत वाट पाहिली होती.

आता त्यांना कुठलाही मेल आला की ते मला फोन करतात. बहुधा रात्री अकरानंतर.