हरणाच्या शिकारीसाठी काडतूस निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शिकारीचा सीझन जवळ आला की नव्याने शिकारीला जाणारे मित्र एकच विचारतात, "कॅलिबर (म्हणजे नळीचं आणि गोळीचं माप) कोणतं घेऊ?" (भारतात 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे इथे प्रशिक्षण घेऊन, परवाना काढून जाणाऱ्यांसाठी.) .243, .270, .308 यांतलं कोणतंही इथल्या म्यूल डिअर जातीच्या हरणाला पुरतं. खरा प्रश्न नळीतून सुटणारी गोळी कशी बांधली आहे, हा आहे.

रेंजवर सरावाला आणलेली पूर्ण कवचाची (गोळीच्या शिशावर टोकापर्यंत धातूचं वेष्टण असलेली) काडतुसं उरली म्हणून शिकारीला नेऊ नका. ती गोळी अंगात फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जखमी हरीण रानात हाल होऊन मरतं. म्हणूनच इथे फुलणारी गोळी सक्तीची आहे. हरणासाठी ती किमान 70 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हवी आणि 100 यार्डांवर तिची ऊर्जा किमान 1000 फूट-पाऊंड हवी.

उलटी चूक मी स्वतः केली. .270 मध्ये 130 ग्रेनची, झटकन फुटणारी गोळी घेतली आणि हरीण भेटलं चाळीस यार्डांवर. एवढ्या जवळून वेग प्रचंड असतो. खांद्याच्या हाडावर गोळीच्या ठिकऱ्या उडाल्या, हरीण उभंच राहिलं, दुसरी गोळी घालावी लागली. सोलताना खांद्याचं मांस काळंजांभळं झालेलं दिसलं. त्यात तांब्याच्या कवचाचा वेगळा पडलेला तुकडा आणि तिळाएवढे शिशाचे राखाडी कण. तो खांदा पोरांच्या ताटात वाढणं शक्यच नव्हतं, टाकून दिला. त्या प्राण्याचे ते क्षण मला अजून आठवतात.

तेव्हापासून मी अखंड तांब्याची गोळी वापरतो. कॅलिफोर्नियात तर 2019 पासून शिकारीत शिशाला बंदीच आहे. मात्र तांबं फुलायला वेग लागतो. सेकंदाला साधारण 2000 फुटांच्या खाली बऱ्याच गोळ्या नीट उघडत नाहीत, त्यामुळे खोक्यावरचा तक्ता बघून आपलं अंतर ठरवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही नळ्यांना ती मानवत नाही. .308 मध्ये शिशाची 165 ग्रेन वापरत असाल तर तांब्याची 150 घेऊन बघा.

एका खोक्यातल्या काडतुसांवर बंदुकीचा नेम जुळवून दुसऱ्याच कंपनीचं खोकं रानात नेणं, ही चूक अनुभवी माणसंही करतात. वजन तेच असलं तरी कंपनी बदलली की 100 यार्डांवर गोळी दोन-तीन इंच सरकू शकते. एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) दोन-तीन खोकी एकदम घ्या.

आणि नळीवर कोरलेलं नाव काडतुसाच्या तळावरच्या नावाशी जुळतंय ना, हे प्रत्येक वेळी बघा. .308 आणि .30-06 च्या गोळीचा व्यास एकच, पण काडतुसं वेगळी. अदलाबदल झाली तर काडतुसाची पितळी खोळ फाटून जिवावर बेतू शकतं.

नवी काडतुसं लावल्यावर गोळ्या विखुरल्या तर लगेच त्यांना दोष देऊ नका. आधी स्कोपचे (नेमाच्या दुर्बिणीचे) स्क्रू तपासा. शिशावरून तांब्यावर आला असाल तर नळी घासून स्वच्छ करा. मग थंड नळीतून पहिली गोळी कुठे लागते ते वेगवेगळ्या दिवशी बघा, कारण हरणावर झाडायची गोळी तीच असते.