मनपा शाळेत शिकवायला जायचंय? कॉलेजवाल्यांनी सुरुवात अशी करा

कॉलेज करता करता जवळच्या मनपा शाळेत शिकवायला जायची इच्छा पुण्यात खूप जणांना असते, पण नेमकं करायचं काय हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी टाइमटेबल काढा. आठवड्यातला एकच तास, पण ठरलेला, म्हणजे सबमिशन, ढोल पथकाची प्रॅक्टिस, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमी सगळं धरून जो नक्की देता येईल असा. जमणार नसेल तर यंदा जाऊच नका, कारण ताई येणार म्हणून मुलं खरंच वाट बघतात.

मग परवानगी. तुम्ही एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर प्रोग्राम ऑफिसरना भेटा, वर्षाला 120 तास करायचे असतातच, त्यात हे तास धरतील का ते विचारून घ्या. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात तुमचं नाव, वार, वेळ आणि कोणती इयत्ता हे स्पष्ट हवं, सोबत आयकार्डची झेरॉक्स, आणि ते मुख्याध्यापकांना नेऊन द्या. ते मनपाच्या शिक्षण विभागाची परवानगी आणा म्हणाले तर तीही काढायची, शॉर्टकट नको. परिपाठाच्या किंवा खिचडीच्या वेळेला भेटायला जाऊ नका, तेव्हा सगळ्यांची धावपळ असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्गशिक्षिकांना सांगा, बाई, मला अख्खा वर्ग नको, वाचनात मागे पडलेली चार-पाच मुलं द्या. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमाने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी एकेकाला जवळ बसवून वाचून घ्यायला बाईंना वेळ कुठून मिळणार? तेच काम आपण करायचं. फळ्यासमोर उभं राहून लेक्चर द्यायला आपण जात नाही.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका, फक्त ऐका. आधी सुटी अक्षरं, मग काना-मात्रेचे शब्द, मग जोडाक्षरं, मग छोटा परिच्छेद असं प्रत्येकाकडून वाचून घ्या आणि गाडी कुठे अडते ते वहीत लिहा. तिसरीतलं मूल ‘कमळ’, ‘बदक’ धडाधड वाचतं आणि ‘मित्र’ आला की गप्प होतं, किंवा भ-म, घ-ध यात गोंधळतं, हे नेहमीचं आहे. काही मुलं तर पाठ असलेला धडा चित्र बघून म्हणतात, म्हणून पुस्तकाबाहेरचा मजकूरही द्या.

गणितात हातच्याची वजाबाकी बघा. 52 मधून 17 वजा करायला दिले की बरीच मुलं 45 लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. चूक आहे म्हणून फुली मारू नका, आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड न्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडा आणि 17 मला दे म्हणा. मूल स्वतः एक गठ्ठा सोडतं, बारातल्या सात देतं, मग एक अख्खा गठ्ठा देतं आणि समोर तीन गठ्ठे नि पाच काड्या उरतात. हे दोन-तीनदा हाताने झालं की मगच वहीत मांडायचं.

तासाचं गणित साधारण असं ठेवा: दहा मिनिटं गप्पा, वीस-पंचवीस मिनिटं वाचन, मग काड्या, शेवटी एक गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचायची. पातळ गोष्टीची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात, मोठ्या टायपातली बघा. घरी हिंदी, कन्नड किंवा लमाणी बोलणारं मूल असेल तर त्याला त्याच्या भाषेत उत्तर देऊ द्या, समजलंय का ते आधी कळतं.

काही गोष्टी मात्र अजिबात नाहीत. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही (व्हरांडा किंवा वर्गाचा कोपरा उत्तम), चॉकलेट-पैसे वाटायचे नाहीत, ‘ढ’ म्हणायचं नाही, आणि मुलाने घरचं किंवा मारहाणीचं काही सांगितलं तर ते मित्रांत न चघळता त्याच दिवशी बाईंच्या किंवा मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचं.

परीक्षेमुळे खाडा होणार असेल तर आधीच्या आठवड्यात मुलांना तोंडी सांगा. आणि वर्ष संपताना कोण कुठपर्यंत आलं, कोण अजून जोडाक्षरांत अडकलंय, हे एका पानावर लिहून बाईंना द्या, म्हणजे जूनमध्ये तुमच्या जागी येणाऱ्या ज्युनिअरला थेट तिथूनच सुरू करता येईल.